बिडाची बॉडी की ॲल्युमिनियमची? अंबडमधल्या एका मोटर कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतला हा कारखाना थ्री-फेज इंडक्शन मोटारी बनवतो. कारखाना, त्याचा ग्राहक आणि फाउंड्री यांची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. मोटारींची मालिका ०.७५ ते ७.५ किलोवॅट, फ्रेम ८० ते १३२. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो: फ्रेमचा आकडा म्हणजे पायाच्या तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची, मिलिमीटरमध्ये. त्यामुळे १३२ फ्रेमची मोटर कोणीही बनवलेली असो, तिचा शाफ्ट जमिनीपासून १३२ मिमीवरच येतो आणि पायाची भोकंही ठरलेल्या अंतरावर बसतात.

लहान फ्रेमच्या बॉड्या कारखाना तयार प्रेशर डायकास्ट ॲल्युमिनियमच्या विकत घेतो. १३२ फ्रेम पूर्वी बिडाची, म्हणजे कास्ट आयर्नची होती. काही वर्षांपूर्वी तीही ॲल्युमिनियमवर नेली, त्यासाठी ग्रॅव्हिटी डाय, म्हणजे धातू दाबाशिवाय ओतायचा कायमचा साचा, बनवून घेतली. कारणं त्या वेळी पटण्यासारखीच होती. मोटर हलकी झाली, ओतकाम गुळगुळीत यायला लागलं, आणि मशिनिंग इतकं झटपट व्हायला लागलं की एका लेथवर दोन लेथचं काम निघू लागलं. शिवाय बीड कापताना उडणारी काळी भुकटी गेली, म्हणून शॉपमधली मंडळीही खूश.

तोपर्यंत या मोटारी मुख्यतः मशीन टूल आणि पॅकिंग मशीन बनवणाऱ्यांकडे जायच्या. छपराखाली, कोरड्या जागी, सपाट मशिन केलेल्या बेसवर. मग दिंडोरी रस्त्याकडचा एक यंत्र उत्पादक जोडला गेला. तो टोमॅटो धुण्याच्या लाइन, कांद्याचे काप वाळवण्याचे ड्रायर, चाळण्या, आणि वायनरीसाठी द्राक्ष चिरडण्याची आणि पंपिंगची यंत्रं बनवतो. त्याचा माल निफाड, पिंपळगाव, दिंडोरी भागात जातो. बिघडलेली मोटर परत यायची तीही तिथूनच, बहुतेक वेळा हंगाम ऐन भरात असताना.

अडचण

तक्रारी सगळ्या १३२ फ्रेमच्याच होत्या, आणि त्या तीन तऱ्हेच्या होत्या. काही मोटारींच्या अंगावर पांढरी पूड धरली होती, रंगाचे पापुद्रे सुटले होते आणि साइड कव्हरच्या सांध्यातून पाणी आत गेलं होतं. काहींचे पाय तडकले होते. आणि काही बाहेरून ठणठणीत दिसत होत्या, पण आतला स्टेटर (मोटारीचा न फिरणारा, वाइंडिंग असलेला भाग) बॉडीमध्ये फिरून टर्मिनल बॉक्सकडे जाणाऱ्या वायरी तुटल्या होत्या.

ग्राहकाने तिन्हींचा एकच अर्थ लावला: ॲल्युमिनियम कमजोर आहे, बीड द्या. सोबत आणखी एक अट घातली. “सगळ्या मशिनला एकच मोटर द्या साहेब, म्हणजे माझ्या गिऱ्हाइकाने एक स्पेअर ठेवली की काम झालं.” नाशिककडे द्राक्षाचं गाळप जानेवारीत सुरू होतं, त्याआधी निकाल लावायचा होता.

कारखान्यात मात्र एकमत नव्हतं. मालकांना डायमध्ये घातलेले लाखो रुपये दिसत होते. डिझाइनच्या इंजिनिअरचा विरोध वेगळ्या कारणाने होता. करड्या बिडाची उष्णता वाहण्याची क्षमता मीटरमागे अंशाला साधारण ५० वॅट, ओतीव ॲल्युमिनियमची मिश्रधातूप्रमाणे १०० ते १५०. बिडात गेलो तर वाइंडिंग तापेल, नाशिकच्या उन्हाळ्यात ४० अंशांत मोटर जळेल, असं त्याचं म्हणणं. असेंब्लीचे फोरमन, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, त्यांनी पूर्वीच्या बिडाच्या मोटारी हाताळल्या होत्या. त्यांचा मुद्दा साधा होता: “त्या वेळी स्टेटर कधी फिरला नव्हता.”

या टप्प्यावर मला बोलावलं. सल्लागाराला अशा वेळी हातात आधीच एक निष्कर्ष दिला जातो आणि त्याच्यासाठी कारणं शोधायला सांगितलं जातं. इथे दोन गट होते, म्हणून निष्कर्षही दोन होते. मी आधी परत आलेल्या मोटारी उघडायला सांगितल्या.

उघडल्यावर काय दिसलं

तीन तक्रारींची मुळं तीन वेगळ्या ठिकाणी निघाली. कोणता धातू घ्यायचा हा प्रश्न त्यानंतरच नीट मांडता आला.

पांढऱ्या पुडीच्या मोटारी जवळजवळ सगळ्या वायनरीतल्या किंवा धुलाई लाइनवरच्या होत्या. वायनरीत टाक्या आणि पाइप कॉस्टिक सोड्याच्या गरम, सौम्य द्रावणाने धुतात, मग सायट्रिक आम्ल फिरवतात. पंपाच्या सांध्यातून, नळीतून हे द्रावण खाली ठिबकतं आणि मोटर पंपाला लागूनच असते. ॲल्युमिनियमवर निसर्गतः ऑक्साइडचा जो थर असतो, त्याच्यामुळे ते साध्या पाण्यात टिकतं. कॉस्टिक सोडा हा थरच विरघळवतो आणि मग धातूही. वर साधा सिंथेटिक एनॅमल रंग होता. अल्कली त्याचाही साबण करून टाकते. याच्या जोडीला आणखी एक गोष्ट सापडली. ड्रॉइंगवर एलएम६ ही ॲल्युमिनियमची मिश्रधातू लिहिली होती, जिच्यात तांबं जवळपास नसतं. बॉडीचा तुकडा तपासणीला पाठवला तर तांबं सुमारे दोन टक्के निघालं. ओतणाऱ्याने भंगार मिसळलं होतं. तांबं असलेलं ॲल्युमिनियम ओलाव्यात लवकर खराब होतं. आवक मालाची रासायनिक तपासणी कारखान्यात होत नव्हती, फक्त मापं पाहिली जायची.

पाय तडकलेल्या मोटारी चाळण्यांवरच्या. तडा प्रत्येक वेळी पाय आणि बॉडी जिथे मिळतात त्या कोपऱ्यातून सुरू झाला होता आणि तिथली गोलाई जेमतेम दोन मिमी होती. चाळणीचा बेस वेल्डिंग केलेला, मशिन न केलेला. चारपैकी एक पाय अधांतरी राहायचा आणि फिटर बोल्ट आवळून तो खाली ओढायचा. म्हणजे मोटर सुरू होण्याआधीच पायात ताण. ॲल्युमिनियमचा ताठपणा बिडापेक्षा कमी, साधारण ७० गिगापास्कल विरुद्ध ११०. आणि बिडातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांमुळे कंप जसा जिरतो तसा ॲल्युमिनियममध्ये जिरत नाही. तेव्हा धातूचा दोष होताच, पण गोलाईचा आणि बेसचा त्याहून जास्त.

स्टेटर फिरण्याचं कोडं सगळ्यात रंजक होतं, म्हणून त्यावर थोडं सविस्तर.

आकडेमोड: उष्णता नेमकी कुठे अडते

५.५ किलोवॅट, चार पोलची, आयई३ या कार्यक्षमता-वर्गातली मोटर घेऊ. तिची कार्यक्षमता ८९.६ टक्के असावी लागते. म्हणजे पूर्ण भारावर सुमारे ६४० वॅट उष्णता बाहेर पडते. सोयीसाठी धरू की ती सगळी बॉडीच्या भिंतीतूनच जाते. स्टेटरचा बाहेरचा व्यास २१० मिमी, संपर्काची लांबी २५० मिमी, तर क्षेत्रफळ येतं ०.१६५ चौरस मीटर.

बिडाची भिंत सहा मिमी जाड. ती पार करताना तापमानात पडणारा फरक अर्धा अंशही येत नाही. ॲल्युमिनियमची चार मिमी भिंत घेतली तर तो एक-दीड दशांश अंश. ज्या आकड्यावरून इतका वाद चालला होता, त्याचा भिंतीपुरता परिणाम अंशाच्या एक तृतीयांशाएवढा! पंखांमध्ये, म्हणजे बॉडीवरच्या फिन्समध्ये, फरक याहून थोडा जास्त पडतो. तीस मिमी उंचीच्या पंखाचं टोक बिडात जरा थंड राहतं. तरी दोघांच्या कामगिरीत तीन-चार टक्क्यांचंच अंतर. कारण उष्णतेचा खरा अडसर धातूच्या पलीकडे आहे, पंखांवरून वाहणाऱ्या हवेत.

दुसरा अडसर आहे स्टेटर आणि बॉडी यांच्यामध्ये. तिथे फक्त ०.०५ मिमीची हवेची फट राहिली, तर तेवढ्या फटीत सुमारे सात अंशांचा फरक पडतो. भिंतीच्या धातूने जे वाचवलं त्याच्या वीसपट ती फट खाऊन टाकते.

ही फट येते कुठून? स्टेटरचे पत्रे पोलादाचे. ते तापल्यावर मीटरमागे अंशाला १२ मायक्रॉन वाढतात, ओतीव ॲल्युमिनियम २० ते २२. कारखाना बॉडी भट्टीत तापवून त्यात स्टेटर सोडायचा. थंड झाल्यावर व्यासावर ०.०८ मिमीची पकड राहावी असं ड्रॉइंग सांगत होतं. चालू मोटारीत स्टेटर ९० अंशांना आणि बॉडी ७० अंशांना धरली, तरी ॲल्युमिनियम पोलादापेक्षा ०.०४ मिमी जास्त उघडतं. म्हणजे अर्धी पकड गेली. उरलेली अर्धी बोअरच्या, म्हणजे बॉडीतल्या गोल पोकळीच्या, टॉलरन्समध्ये (मापात चालणाऱ्या फरकात) आणि पत्र्यांच्या गठ्ठ्याच्या कमी-जास्तपणात संपते. हा गठ्ठा बाहेरून लेथवर टर्न केलेला नसतो. म्हणून सगळ्या मोटारी बिघडल्या नाहीत. ज्यांत सगळी टॉलरन्स वाईट बाजूला गेली त्याच बिघडल्या. स्टेटर धरून ठेवायला ना पिन होती, ना स्क्रू. वारंवार चालू-बंद होणाऱ्या लाइनवर प्रत्येक सुरुवातीला स्टेटर थोडा सरकत होता.

बिडाचं उलटं. ते पोलादापेक्षा किंचित कमी वाढतं, आणि बॉडी स्टेटरपेक्षा थंड असते, त्यामुळे मोटर तापली की पकड आणखी घट्ट होते. आप्पांचा अनुभव इथे आकड्यांत उतरला.

कागदावरचं गणित मोटारीवर तपासून पाहिलं. तोच स्टेटर, तोच रोटर, तोच पंखा. पूर्ण भारावर तापमान स्थिर होईपर्यंत चालवून वाइंडिंगची तापमानवाढ रोधाच्या पद्धतीने, म्हणजे तारेचा विद्युतरोध किती वाढला त्यावरून, मोजली. नवी ॲल्युमिनियमची मोटर ६४ अंश, बिडाची ६८. परत आलेल्यांपैकी वाइंडिंग शाबूत असलेली एक मोटर लावली, ती ७५. जास्त उष्णता सोसणारं एफ क्लासचं इन्सुलेशन वापरून त्याखालच्या बी क्लासच्या ८० अंशांच्या मर्यादेत राहायचं असा कारखान्याचा दंडक. बीड त्यात सहज बसत होतं. सैल पडलेलं ॲल्युमिनियम मर्यादेच्या काठाशी होतं. इंजिनिअरने तक्ता पाहिला आणि म्हणाला, “मग बिडावर माझी हरकत नाही, पण फिट मी ठरवणार.” ती अट मालकांनी लगेच मान्य केली.

पर्याय

ॲल्युमिनियमच ठेवून दुरुस्ती करणं हा पहिला. पकड वाढवावी, असं लगेच सुचतं. पण पकड ०.१५ मिमी केली तर बॉडीत सुमारे ५० मेगापास्कलचा ताण बसतो, आणि ओतीव एलएम६ साधारण ६०-७० मेगापास्कलला कायमची ताणली जायला लागते. गरम अवस्थेत महिनोन्महिने असा ताण राहिला की बॉडी हळूहळू सैलावते. मग एलएम२५ ही दुसरी मिश्रधातू घेऊन उष्णता-प्रक्रिया करावी लागेल. ती ताकद देते, पण खर्चही वाढवते. पिन मारणं स्वस्त होतं आणि ते करायलाच हवं होतं. पण यातल्या कशानेही कॉस्टिकचा प्रश्न सुटत नव्हता.

दुसरा पर्याय बीड, आयएस २१० या भारतीय मानकातल्या एफजी २०० प्रतीचं. इथे एक हिशेब सगळ्यांना चकित करून गेला. ॲल्युमिनियमचं ओतकाम किलोला बिडाच्या जवळपास तिप्पट पडतं, पण बॉडीचं वजनही तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. कच्चं ओतकाम दोन्हीकडे जवळपास सारख्याच पैशांत. महाग-स्वस्त ठरतं ते साच्यावरून आणि संख्येवरून. वाळूच्या साच्याचा पॅटर्न (वाळूत आकार उमटवायचा नमुना) डायच्या तुलनेत किरकोळ खर्चात होतो, उलट बिडाचं मशिनिंग हळू आणि हत्यारं लवकर झिजतात. महिन्याला काही डझन मोटारींसाठी बीड बरं, काही हजारांसाठी डाय.

पत्रा गुंडाळून वेल्डिंग केलेली पोलादी बॉडी हा पर्याय आम्ही लवकर सोडला. मोठ्या फ्रेममध्ये तो चांगला चालतो, पण १३२ मध्ये पंख बसवायचे कसे हाच प्रश्न. स्टेनलेस ३०४ वर मात्र बरीच चर्चा झाली, कारण वायनरीवाल्यांना ते दिसायला आवडतं. गुळगुळीत, बिनपंखांची बॉडी धुवायला उत्तम. लगदा अडकत नाही. पण स्टेनलेसची उष्णता वाहण्याची क्षमता १६ वॅटच्या आसपास, वर पंख नाहीत, त्यामुळे तेवढ्याच ताकदीसाठी एक फ्रेम मोठी घ्यावी लागते. किंमत कित्येक पट. यातला पंखांचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटला. कांद्याच्या ड्रायरवर मोटारीच्या फॅन कव्हरला टरफलांची जाळी धरलेली मी पाहिली आहे. तिथे बॉडी चांदीची केली तरी मोटर तापणारच.

निर्णयाचे टप्पे

पहिला निर्णय सगळ्यात अवघड होता: बॉडी एक की दोन? ग्राहकाला एक हवी होती. मालकांनाही, स्टॉक सोपा म्हणून. पण कांद्याच्या लाइनवरचे काही कन्व्हेयर वर, पत्र्याच्या सांगाड्यावर चढवलेले. तिथे ५.५ किलोवॅटची मोटर ४५ किलोंऐवजी ६५ किलोंची झाली की सांगाडा बदलावा लागणार होता. आणि त्या जागा कोरड्या, कॉस्टिक नाही, कंप नाही. ॲल्युमिनियमला तिथे काहीच झालं नव्हतं. तक्रारींची यादी जागेप्रमाणे मांडल्यावर हे सगळ्यांना दिसलं. त्याआधी ती यादी तारखेप्रमाणे होती.

ठरलं ते असं. चाळण्या, पंप, धुलाई लाइन यांना बीड. उंचावरच्या कन्व्हेयरना ॲल्युमिनियम, पण पिन मारून आणि मिश्रधातूचं प्रमाणपत्र घेऊन. पायांची भोकं दोन्हींत २१६ बाय १४० मिमी, शाफ्ट ३८ मिमी, म्हणजे गरज पडली तर एकाच्या जागी दुसरी बसते. इंजिनिअरने इथे एक चांगली गोष्ट केली: दोन्ही बॉडींचा बोअर आणि कव्हर बसण्याची मापं एकच ठेवली आणि कव्हरं दोन्हीकडे बिडाचीच केली. ॲल्युमिनियमच्या कव्हरात बेअरिंगची जागा सैल पडते म्हणून पोलादी बुश घालावा लागतो, तो खर्चही गेला. वाइंडिंग, रोटर, कव्हरं सामायिक राहिली आणि दोन बॉड्यांचा स्टॉक मालकांना पेलवेल असा झाला.

दुसरा निर्णय फाउंड्रीचा. कोल्हापूरच्या शिरोली भागातल्या एका फाउंड्रीचं काम स्वच्छ होतं, पण त्यांना मोठा लॉट हवा होता. सिन्नरजवळची एक लहान फाउंड्री पन्नास नग ओतायला तयार होती. मालकांनी सिन्नर निवडलं. माझं मत तेव्हाही त्यांच्या बाजूने होतं आणि आजही आहे: पॅटर्न नवा असताना फाउंड्री तासाभराच्या अंतरावर असावी. पहिल्या नमुन्यांत कोअर (आतली पोकळी घडवणारा वाळूचा गाभा) सरकला होता, एका बाजूला भिंत पाच मिमी आणि दुसऱ्या बाजूला नऊ. इंजिनिअर स्वतः जाऊन कोअर प्रिंट, म्हणजे कोअर टेकण्याची जागा, वाढवून आला. कोल्हापूरला हे फोनवर झालं असतं, म्हणजे झालं नसतं.

तिसऱ्या निर्णयावर आप्पा आणि इंजिनिअर यांची जुंपली. ताज्या बिडाच्या ओतकामात थंड होताना अडकलेले ताण असतात; बोअर केल्यावर ते सुटतात आणि गोल बोअर अंडाकृती होतो. आप्पांचं म्हणणं, ओतकाम काही महिने उन्हापावसात पडू द्यावं, जुन्या लोकांची रीत तीच. इंजिनिअरला भट्टीत साडेपाचशे अंशांच्या आसपास तापवून ताण काढायचे होते. हंगाम तोंडावर असल्याने महिने नव्हते, आणि एवढ्या तापमानाची भट्टी जवळ नव्हती. तोडगा आप्पांनीच काढला: आधी रफ बोअर, मग पाय मशिन करायचे, जॉब सोडून ठेवायचा, आणि फायनल बोअर सगळ्यात शेवटी. दुसऱ्या दिवशी बोअर गेजने पाहिलं तर गोलाई मर्यादेत होती. पुढे भट्टीची सोय झाली तरी कामाचा हा क्रम त्यांनी ठेवला.

चौथा निर्णय तर धातूचा नव्हताच. वायनरीतल्या पंपांसाठी स्टेनलेस की बीड हे ठरत नव्हतं, तेव्हा ग्राहकाच्या साइटवर गेलो. पंप आणि मोटर जमिनीलगत होते आणि कॉस्टिकची नळी सोडायची जागा बरोबर वर. मी सुचवलं की बेस दीडशे मिमी वर उचला, मोटारीवर स्टेनलेसच्या पत्र्याची टोपी घाला, आणि नळीचा सांधा दुसरीकडे न्या. टोपी घालताना फॅन कव्हरच्या मागे हवेला जागा सोडायची, नाहीतर पाण्यापासून वाचलेली मोटर उष्णतेने मरते. आयपी५५ हा संरक्षणाचा दर्जा, पाण्याच्या बाबतीत, म्हणजे सर्व बाजूंनी येणारा पाण्याचा झोत सहन करणं. रोज त्याच सांध्यावर गरम कॉस्टिक ठिबकणं त्यात धरलेलं नाही. टोपीचा खर्च स्टेनलेस मोटारीच्या किमतीपुढे नगण्य. ग्राहकाला पटायला वेळ लागला, कारण त्याला मोटर बदलून हवी होती, पंपाची मांडणी नव्हे.

प्रत्यक्ष काम

पायाच्या कोपऱ्याची गोलाई दोनवरून आठ मिमी केली. बिडाच्या बॉडीला सुद्धा एक पिन मारली. गरज नसावी, पण आप्पा हटले नाहीत आणि वाद घालण्याइतका तो खर्च मोठा नव्हता. रंग बदलून दोन भागांचा इपॉक्सी घेतला, त्याखाली इपॉक्सी प्रायमर. बिडाला कॉस्टिकचं फारसं भय नाही, पण द्राक्षरस आणि सायट्रिक आम्ल रंग उडालेल्या जागी गंज धरवतात, म्हणून कव्हरच्या सांध्यात आणि पायाच्या तळालाही रंग लावायचं ठरलं. पूर्वी तळाला कोणी रंग लावत नसे.

शॉपमध्ये बिडासाठी एक लेथ वेगळा केला. बिडाचा आणि ॲल्युमिनियमचा चुरा मिसळला की भंगारवाला ॲल्युमिनियमचा भाव पाडतो. असेंब्लीच्या टेबलावर साखळीची पुली आली, बॉडीवर आय बोल्ट आला. चाळणी बनवणाऱ्या ग्राहकाला एक पानी सूचना दिली: चारही पाय टेकतात का ते फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) पाहा, फट असेल तिथे शिम (पातळ पत्रा) घाला, बोल्टने ओढू नका.

निष्पत्ती

एक पूर्ण द्राक्ष हंगाम आणि त्यामागून कांद्याचा हंगाम गेला. बिडाच्या एकाही मोटारीत स्टेटर फिरला नाही, पिन मारलेल्या ॲल्युमिनियममध्येही नाही. चाळणीवर पाय तडकण्याचं थांबलं. यातलं किती बिडामुळे, किती गोलाईमुळे आणि किती त्या एक पानी सूचनेमुळे, हे वेगळं करून सांगता येत नाही, कारण तिन्ही बदल एकदमच केले.

बिडाचा एक पाय मात्र मोडला. टेम्पोतून उतरवताना मोटर हातातून सुटली आणि फरशीवर पडली. ॲल्युमिनियम कदाचित वाकलं असतं, बीड मोडतं. त्यानंतर मोटारी लाकडी पॅलेटवर बोल्ट करून पाठवायला सुरुवात झाली.

पहिल्या दोन लॉटमध्ये ब्लो होल (वायू अडकून ओतकामात राहिलेली भोकं) बरेच निघाले, तेही फायनल बोअर झाल्यावर, म्हणजे सगळी मजुरी खर्ची पडल्यावर. वाळूतला ओलावा आणि गेटिंग (धातू साच्यात नेणाऱ्या वाटा) सुधारल्यावर ते कमी झाले. एका मोटारीमागचा खर्च थोडा वाढला. वाढ ओतकामात झाली नाही. ती रंग, पॅकिंग आणि वाहतुकीत झाली.

वायनरीच्या मोटारींवर पांढरी पूड पुन्हा दिसली, पण बॉडीवर नाही, टर्मिनल बॉक्सवर. तो ॲल्युमिनियमचाच राहिला होता. सगळ्यांचं लक्ष बॉडीवर होतं, आणि बॉक्स वेगळ्या पार्ट नंबरखाली, वेगळ्या पुरवठादाराकडून यायचा. त्यातून बिडाला लागून असलेलं ॲल्युमिनियम ओलाव्यात आणखी लवकर खातं. आता बॉक्सही बिडाचा होतो आहे.

वेगळं काय करता आलं असतं

तक्रार नोंदवताना मोटर कुठे, कशाशेजारी, कशा बेसवर बसली होती हे लिहिलं गेलं असतं, तर तीन दुखणी एकच समजण्याचा काळ वाचला असता. कारखान्याच्या नोंदवहीत अनुक्रमांक, तारीख आणि “जळाली” एवढंच असायचं. आता साइटचे दोन फोटो मागवतात. फिटर ते व्हॉट्सॲपवर पाठवतो.

मिश्रधातूची तपासणी सुरुवातीपासून असायला हवी होती. नाशिकमध्ये स्पेक्ट्रो (धातूतल्या घटकांची तपासणी) करून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत आणि एका नमुन्याला लागणारा खर्च एका परत आलेल्या मोटारीच्या भाड्याएवढाही नाही. योग्य एलएम६ मिळत असती तर धुलाई लाइनवरच्या, म्हणजे कॉस्टिक नसलेल्या, निम्म्या तक्रारी कदाचित आल्याच नसत्या, आणि मग बिडावर जाण्याचा आग्रहही एवढा झाला नसता. या मुद्द्यावर मालकांचं आणि माझं आजही जमत नाही. त्यांच्या मते बीड कधी ना कधी यायचंच होतं.

फाउंड्रीवाल्याला ड्रॉइंग पक्कं होण्याआधी बोलवायला हवं होतं. पंखांचा उतार आणि भिंतीची जाडी डायकास्टच्या सवयीने ठरली होती; वाळूच्या साच्यातून पॅटर्न काढताना तो उतार कमी पडला आणि पंख तुटले. दुसऱ्या पॅटर्नचा खर्च त्यातून आला.

आणि बदल एकेक करून पाहता आले असते का? हंगाम नसता तर, होय. दोन चाळण्यांवर जुनीच ॲल्युमिनियमची बॉडी मोठ्या गोलाईने आणि नीट शिम घालून चालवून पाहिली असती, तर चाळणीला बीड खरंच लागतं का हे कळलं असतं. तो प्रयोग आता होतो आहे. ग्राहकाने एक चाळणी त्यासाठी दिली आहे, आणि निकाल आल्यावर जुन्या डायचं पुढे काय करायचं ते मालक ठरवणार आहेत.